देवाजवळचा थर्माकोलचा डबा

प्रयोगशाळेत थर्माकोलचा डबा आला की मला मच्छीची आठवण येते. पुण्यात हे मी कुणाला सांगत नाही. आधीच चुकून तोंडातून ‘का’ऐवजी ‘काऊन’ निघालं की आजूबाजूची मंडळी गालातल्या गालात हसतात. त्यात संशोधनाच्या डब्यावरून मच्छी आठवते म्हटलं तर झालंच! तर डबा येतो. त्यावर बर्फाच्या पाकळीचं चित्र असतं, जपून हाताळा म्हणून फुटक्या पेल्याचं चित्र असतं. मी सही करते, चिकटपट्टी कापते, झाकण वर उचलते. ते करकरतं, माझे दात शिवशिवतात, गार हवा तोंडावर येते. आत जेलच्या निळ्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी एक कुपी. एवढ्या मोठ्या डब्यात एवढीशी वस्तू.

काल असाच एक आला, आणि मी झाकण उचलते आहे तोच दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, गावची शेती तोच बघतो. मागे यंत्राचा घरघराट होता. “हलका धान निघाला,” तो ओरडून सांगत होता, “आता भारी कापून राहिलो. मंडई पुढच्या आठवड्यात हाये. येतेस का नाही ते सांग, माय विचारून राहिली.” मी म्हटलं, बघते सुटीचं. “बघते नको म्हनू, येजो,” म्हणाला, आणि त्यानं फोन मायच्या हातात दिला. माय काय बोलली ते मी शेवटी सांगते, कारण ते ऐकल्यापासून मी काही धड कामाची राहिलेली नाही.

आमच्याकडे, गोंदिया भागात, दिवाळी संपली तरी सण संपत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आज या गावाची, उद्या त्या गावाची. लेकी येतात, जावई येतात, ज्याचं कुणी येत नाही त्याच्याकडे शेजाऱ्यांचे पाहुणे जेवून जातात. आणि तेव्हाच धान, म्हणजे शेतातला भात, कापणीला आलेला असतो, आधी लवकर पिकणारा हलका, मग उशिरा येणारा भारी. म्हणजे घरात पाहुणे आणि शेतात काम, दोन्ही एकदमच उतू जातं. हा काय हिशेब आहे, बाप्पा, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. पण पुण्यात या दिवसांत सकाळची हवा थोडी कोरडी झाली, गार झाली, की माझं नाक आपोआप काहीतरी शोधायला लागतं. कापलेल्या धानाचा तो वास, थोडा गोड, थोडा ओल्या मातीचा. सोसायटीच्या आवारात गवत कापतात तेव्हा मी खिडकीत जाऊन उभी राहते. गवताचाच वास असतो तो. मी परत आत येते.

त्या कुपीविषयी सांगायला हवं. तिच्यात असते अँटिबॉडी. आपलं शरीर रोगाशी लढायला जी प्रथिनं बनवतं, त्यातलंच एक. पण एकाच वाणाचं, सगळं एकसारखं, म्हणून तिला मोनोक्लोनल म्हणतात. रक्ताच्या एका कॅन्सरच्या पेशींवर, अगदी बाहेरच्या अंगाला, एक खूण असते. माझी अँटिबॉडी त्या खुणेला जाऊन चिकटते. दुसऱ्या कशाला नाही. रक्ताच्या एवढ्या गर्दीत सोडली तरी ती तेवढीच पेशी धरते आणि धरून बसते. आम्ही तिच्या अंगाला चमकणारा रंग लावतो, पेशी यंत्रातून एकेक करून सोडतो, आणि पडद्यावर ठिपक्यांचा ढग जमतो. खूण किती आहे, कधी कमी होते, पेशी ती लपवते कशी, हे बघणं माझं काम. पोटापाण्याचा धंदा विचाराल तर हाच. एका खुणेच्या मागे मी इतकी वर्षं आहे, आणि अजून कंटाळले नाही.

प्रत्येक कुपीवर एक ओळ छापलेली असते: केवळ संशोधनासाठी, रुग्णांच्या उपचारासाठी नाही. ही ओळ मी इतक्यांदा वाचली होती की ती मला दिसेनाशी झाली होती. बाबूजी, माझे वडील, आजारी पडले आणि ती परत दिसायला लागली.

त्यांची पाठ दुखायची. धानाची पोती उचलून दुखते म्हणायचे. तेल चोळून झालं, शेकून झालं, गोंदियाच्या डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन झाल्या. मग नागपूर. हाडांच्या आतल्या मगजातून पाणी काढून तपासलं आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. खरंच आलं. दादा माझ्याकडे बघतच राहिला. पण ती माझीच पेशी होती हो! पडद्यावर रोज जिच्याकडे टक लावून बसायचे, जिच्यावर माझी खुर्ची, माझा पगार, माझी सगळी ऐट उभी होती, ती माझ्या बापाच्या हाडांत घर करून बसली होती. हसू संपलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून इतकी रडले की एक अनोळखी बाई मला पाणी देऊन गेली.

त्यात आणखी एक गंमत, गंमतच म्हणायची. माझ्या कुपीतली ती अँटिबॉडी एका खऱ्या औषधाची जुळी बहीण आहे. घडण तीच, मणी न् मणी त्याच क्रमानं ओवलेला. फरक इतकाच, की माणसाच्या शिरेत सोडायला जितकी निर्मळ करावी लागते, जितकी तपासावी लागते, तितकी ती केलेली नसते. आणि असते थेंबभर. बशीतल्या पेशींना पुरते, माणसाला कुठून पुरणार! नागपूरच्या डॉक्टरांनी त्या खऱ्या औषधाचाही विचार केला होता. पण तोवर बाबूजींचं शरीर नवं काही पेलण्याच्या पलीकडे गेलं होतं. जेवढं सोसेल तेवढं देऊ आणि घरी ठेवू, असं ठरलं. मी पुण्याला परत आले, फ्रीज उघडला, आणि ती कुपी तिथे आपल्या जागेवर होती. मी दार लावून घेतलं. रोज उघडायचे, रोज लावायचे.

त्या साली मंडईला मी गेले ते असा एक मोकळा डबा घेऊन. प्रयोगशाळेत डब्यांचा ढीग पडतो, कुणी त्यात कुंड्या करतं, कुणी दह्याला ऊब देतं. मी म्हटलं, येताना बोदलकशाच्या तलावातली मच्छी आणावी, मरळ मिळाली तर मरळ, नाहीतर झिंगे. जेलच्या पिशव्याही आत तशाच ठेवल्या, घरच्या फ्रीजमध्ये गोठवायच्या म्हणून. तिरोड्याला उतरले तेव्हा धुकं होतं. वीजकेंद्राच्या चिमण्या वरून अर्ध्याच दिसत होत्या, खालचा भाग धुक्यात गेलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळा होऊन झुकलेला, आणि त्याच्या बुंध्याशी लाखोरीचे हिरवे कोंब वर आलेले. आमच्याकडे धान उभा असतानाच त्याच्या पायात लाखोरीच्या डाळीचं बी फेकून ठेवतात. धान कापला की तिला ऊन मिळतं आणि ती आपली उठते. मोटारसायकलवर दादाच्या मागे बसून, मांडीवर थर्माकोलचा डबा धरून, मी तो वास पोट भरेपर्यंत घेतला.

घरी पोचले, डबा ओसरीत ठेवला आणि तोंडसुद्धा न धुता शेतावर गेले, कारण बाबूजी शेतावर होते. त्या अंगानं! सगळा धान यंत्रानं कापायचा दादाचा बेत होता. पण विहिरीजवळची एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर, जिचा धान बियाण्याला ठेवायचा, ती हातानंच कापायची असा बाबूजींचा हट्ट. बाया कापत होत्या, आणि हे शेताच्या कडेला धुऱ्यावर धानाच्या भाऱ्याला टेकून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, सगळ्यांना सूचना करत बसले होते. किती वाळले होते. सदऱ्यात माणूस आहे का नुसती खुंटी, असं वाटावं इतके.

“आली का बाई?” मला पाहून म्हणाले. लेकीला बाई म्हणायची त्यांची सवय. “गाडी लेट होती?”

“गाडी वेळेवर होती बाबूजी, तुमचा पोरगाच लेट होता.”

हसले. मग हळूच विचारलं, “तुया त्या शिशीत असते तरी काय वो? तू फोनवर सांगत होती, माह्या बिमारीच्या पेशीले बरोबर जाऊन पकडते म्हनून.”

मी सांगितलं होतं खरं फोनवर, मोठ्या उत्साहानं. त्यांच्याशी दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं तेव्हा. मग धुऱ्यावर बसून मी त्यांना करग्याचं उदाहरण दिलं. करगा म्हणजे रानटी धान. लोंबी येईपर्यंत अगदी आपल्या धानासारखाच दिसतो, आपलंच खत खातो, आणि पिकला की कापणीच्या आधीच झडून बांधीभर पसरतो. ती पेशी तशी, म्हटलं. माझी शिशी तिला ओळखते.

“ओळखते. आन मंग उपटते?”

“बशीत उपटते.”

“बशीत!” बाबूजींना हसता हसता ठसका लागला. “अवो, बशीत धान लावते का कोनी?”

माय भाकर घेऊन आली होती, ती मागून म्हणाली, “ओळखायच्या गोष्टी तुमी नका सांगू. करगा म्हनून अर्धी बांधी चांगला धान उपटून फेकला होता यायनं, लगनाच्या पहिल्याच साली.” बाबूजी म्हणाले, “तेव्हा माह्ये डोरे तुयाकडं होते.” कापणाऱ्या बाया खिदळल्या. माय तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली, या वयात! ती सकाळ मला अजून तशीच्या तशी पाहिजे. बाकी काही नको, ती एक सकाळ.

भाकर खाता खाता मी त्यांना आणखी सांगितलं, की अँटिबॉडी बनवणारी पेशी शरीराबाहेर फार दिवस जगत नाही. म्हणून पहिल्यांदा हे तंत्र जमवलं तेव्हा उंदराच्या अशा पेशीची जोडी उंदराच्या कॅन्सरच्या पेशीशी लावली; तीही तुमच्याच आजाराच्या जातीची, मरायचं नाव न घेणारी. दोघींची मिळून एक झाली, जगत राहिली आणि अँटिबॉडी बनवत राहिली.

“म्हनजे चोरालेच कोतवाल केला म्हन ना,” बाबूजी म्हणाले. “मंग माह्या हाडातलीले बी लावा कुठं कामाले. नुसतीच बसून खाऊन राहिली.” मी त्यांच्या हातातली भाकर बघत होते. चतकोरसुद्धा संपली नव्हती.

घरी आले तर ओसरीत डबा नाही. मायला विचारलं, तर म्हणाली, “ठेवला मी बराबर. तू नको कारजी करू.” मला वाटलं, अडगळ नको म्हणून कुठे कोपऱ्यात ढकलला असेल. पाहुणे येत होते, वहिनी आयत्यांचं, म्हणजे तांदळाच्या धिरड्यांचं, पीठ भिजवत होती, मी हात धुऊन कामाला लागले. त्या घरात गेलं की मी कुणी संशोधक वगैरे राहत नाही. कांदे चिरायची बाई होते आणि मला ते फार आवडतं.

मंडईच्या दिवशी दुपारी गावच्या मैदानात दुकानं लागली. फुगे, बांगड्या, गोडी शेव, गोंदियाचे हिंदी बोलणारे भांडेवाले, “दीदी, ले जाओ” म्हणत मागे लागणारे. बोदलकशाच्या बाया टोपल्यांत मच्छी घेऊन बसल्या होत्या. मी एक मरळ निरखत होते, तेवढ्यात शेजारची यशोदाकाकी आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडायलाच लागली. “बरं केलं वो पोरी. बापासाठी दवाई घेऊन आली. देवाजवर ठेवली म्हने मायनं. मी सकारीच पाया पडून आली.”

मला क्षणभर कळेचना. मग लख्ख कळलं. मच्छी तिथेच टाकून मी घरी आले, चपलाही न काढता देवघराच्या दारात गेले. देवांच्या बाजूला, लाल कापडाखाली, माझा थर्माकोलचा डबा. वर हळदकुंकू. बर्फाच्या पाकळीवर झेंडूचं फूल.

सगळं आपोआप जुळून आलं होतं. मी फोनवर बोलले होते, त्या आजाराला धरणारी औषधं असल्या डब्यांतून येतात म्हणून. मग मी तसलाच डबा घेऊन आले, मांडीवर जपून धरून आले. वर जपण्याचं चित्र. उचलल्यावर आत काहीतरी पाण्यासारखं डुबुक करतं. वितळलेलं जेल होतं ते. पण मायनं काय समजावं? आणि तिनं तो लगेच उघडला नसणार, कारण घरात नवं व्हायचं होतं. नव्या तांदळाचा भात देवाला दाखवून घरच्यांनी खाल्ला, की नवं झालं. त्याच्या आधी कुठलीही नवी चीज कुणाच्या तोंडात घालायची नाही, हा आमच्या घरचा जुना नेम. औषधही नवंच. तेव्हा नवं होईपर्यंत ते देवाजवळ. यात चूक कुठे आहे, दाखवा मला. मला तरी दिसली नाही, म्हणून तर रडू आलं.

मायला लगेच खरं सांगायचं म्हणून मी वळले. बाबूजी ओसरीत खाटेवर पडले होते. त्यांनी बोटानंच मला जवळ बोलावलं.

“त्यात दवाई नाही ना?” एकदम हळू आवाजात.

मी नाही म्हणून मान हलवली.

“मले मालूम हाये. काल तुई माय बाजारले गेली तं मी झाकन उचलून पाहिलं. त्या निऱ्या पिशव्याच हायेत. नागपूरले माह्ये इंजेक्शन येत होते ना, त्यायच्या संग राहत होत्या.”

“मी सांगते मायला आत्ताच.”

“राहू दे.” माझं मनगट धरलं त्यांनी. हाडांचा हात, पण पकड शेतकऱ्याचीच होती. “तू डबा आनला तवापासून तुई माय झोपून राहिली, बाई. लय दिवसांनी. नाहीतर माह्या उशाशी बसून राहत होती. राहू दे तिले झोपू.”

“पण बाबूजी, नवं झाल्यावर ती उघडेल ना.”

“तवाचं तवा पाहू.”

आणि त्या दिवशी ते जेवले. माय ताट घेऊन आली, म्हणाली, “आता दवाई आली हाये, अंगात जीव पाहिजे ना ती सोसाले? खा.” आणि बाबूजी जेवले, खरंच जेवले. आयते खाल्ले, वर दोन घास भात मागून घेतला. माय समोर बसून बघत होती. मी दारात उभी राहून दोघांना बघत होते, आणि मला वाटत होतं, त्या डब्यात असावीच ती कुपी. थेंबभर का होईना. कायदा, निर्मळपणा, माप, सगळं गेलं खड्ड्यात. मला माझे बाबूजी पाहिजे होते.

नव्याचा दिवस आला. नवा भात शिजला, सगळ्या घरात तो वास, पहिल्या वाफेचा. देवाला दाखवला. बाबूजींनी घास घेतला, आम्ही घेतला. मी मायकडे बघत होते, आता ती उठणार, आता लाल कापड बाजूला करणार. ती उठली. देवाजवळ गेली. कापडाची घडी नीट केली आणि म्हणाली, “आता नको उघडू. हा तं हलक्या धानाचा नवा झाला. भारी धान घरात येऊ दे, मंग.” बाबूजी लगेच म्हणाले, “हो जी, काही घाई नाही.” मला इतकं हायसं वाटलं! मनात म्हटलं, बरं झालं बाई, नेमावर नेम निघाला. यापलीकडे मी काही विचारच केला नाही.

मी पुण्याला परत आले. डबा तिथेच राहिला, त्यामुळे मच्छीही राहिली. भारी धान घरात आला. लाखोरी उठली, तिला निळी फुलं आली. फुलांचा फोटो दादानं पाठवला आणि त्याच आठवड्यात बाबूजी गेले. मी पोचले तेव्हा गावची सगळी माणसं अंगणात होती. देवघराकडे माझं लक्षही गेलं नाही. त्यानंतरही गावी गेले, पण डब्याचा विषय मी काढला नाही आणि मायनंही काढला नाही. मला वाटायचं, तिला कधीतरी कळलं असेल की तो मोकळा होता, आणि तिनं ते मनात गिळलं असेल. माझ्यावर रागावली असेल का, हाही विचार यायचा. पण विचारायचं धाडस झालं नाही.

आम्ही त्या खुणेवर अजून काम करतोच आहोत. परवा प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं मला विचारलं, ताई, तुम्ही पडद्यावरच्या ठिपक्यांकडे इतका वेळ काय बघता? काय सांगू तिला. कुणाच्या तरी हाडांतल्या पेशी असतात त्या, कुणाच्या तरी बाबूजींच्या. ते ठिपके बघताना मला धुऱ्यावर बसलेला माणूस दिसतो आणि तो म्हणतो, बशीत धान लावते का कोनी. लावतो बाबूजी. अजून बशीतच लावतो. कधीतरी बांधीत लावू, पण तुम्हाला उशीर झाला. म्हणजे आम्हालाच झाला.

आता कालचं सांगते. दादानं मायच्या हातात फोन दिला. माझ्यासमोर नवा डबा उघडा होता, बोटं गार पडली होती.

“येताना एक डबा आनजो,” माय म्हणाली. “तो थर्माकोलचा. मच्छी नेशील ना या खेपेले?”

“घरी आहे ना माय एक?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तो नाही लागत मच्छीले. तो देवाजवर हाये.”

मग तीच बोलली. “तुले वाटत असन मायले समजलंच नाही. अवो, तू आली त्याच सांजेले मी उघडला होता. मनलं, दवाई बिघडून जाईन, बरफ टाकावा. पाहतो तं त्या निऱ्या पिशव्या. गुडघे शेकाच्या असते तशा.”

“मग बोलली काऊन नाहीस?” पुण्यात, भर प्रयोगशाळेत, मी मोठ्यानं ‘काऊन’ म्हणाले. कुणी हसलं का ते मी पाहिलं नाही.

“काय बोलू? तवापर्यंत मी तुया बाबूजीले सांगून बसली होती, पोरीनं दवाई आनली म्हनून. त्यायचं तोंड असं खुललं ना! त्या रोजापासून दोन घास जास्त खाऊन राहिले. मी कायले मोडू? म्हनून तं भारी धानाचं नाव केलं मी. नेम कुठला आलाय तसा.”

मी खुर्चीत बसले. मग विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, “आणि तू झोपत होतीस ना माय त्या दिवसांत?”

“झोप कुठली वो. डोरे मिटून पडून राहत होती. मी जागी दिसली तं हे बी जागेच राहत.”

समोर कुपी होती, तिच्यावरची ती ओळ होती. मी ती परत एकदा वाचली. बाबूजींना ठाऊक होतं, हे मायला सांगावं का? ओठांवर आलं होतं. त्यांनी ते दोन घास तुझ्यासाठी गिळले माय, तुला झोप लागावी म्हणून. आता हे तिला देऊ का राहू देऊ, मला ठरवता येईना.

“दवाईनं नाही, पन दवाईच्या नावानं तं जेवले ना पोटभर?” तिकडून माय विचारत होती. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच, मला विचारत होती.

“हो माय,” मी म्हटलं. “पोटभर जेवले.”

“मंग झालं,” ती म्हणाली. “डबा आनजो आठवनीनं.”

सुटीचा अर्ज दिला आहे. डबा धुऊन गच्चीत वाळत ठेवला आहे.